देवदर्शनानंतरचा एक दिवस

आमच्या बडोद्यातल्या कित्येक जुन्या घराण्यांची कोकणातली वाडी-जमीन केव्हाच सुटली. कुलदैवत तेवढे सुटले नाही. घरात लग्न-मुंज झाली की हरिहरेश्वरला जावे, अभिषेक करावा, ओहोटी असेल तर खडकांवरून प्रदक्षिणा घालावी, प्रसादाचे जेवण घ्यावे आणि लगेच परतीला लागावे, हा आमच्याही घरचा पिढीजात रिवाज. समुद्र दिसतो, पण त्याच्यापाशी बसावे असे कोणाला सुचत नाही.

गेल्या फाल्गुनात मात्र नातीने हट्ट धरला. तिला कासवे पाहायची होती. बागमांडल्याला मोटारीसकट फेरीबोटीत चढलो, सावित्रीची खाडी ओलांडली आणि बाणकोटवरून वेळासला पोहोचलो. नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, शेणाने सारवलेली अंगणे आणि थोडे चालून गेले की लांबच लांब किनारा. त्यावर ना दुकान, ना बाक, ना दिवा. मी जरा कुरकुरतच घरमालकांना विचारले, “इथे माणसाने करायचे काय?” ते म्हणाले, “काका, बसायचं.”

बसलो. प्रथम अवघडल्यासारखे झाले. मग हळूहळू दिसू लागले. ओल्या वाळूवर चिमुकल्या खेकड्यांनी वाळूच्याच गोळ्यांची रांगोळी घातली होती. लाट आली की ती पुसे, पाणी ओसरले की ते पुन्हा मांडायला बसत. नातीने ओंजळभर शिंपले जमवले. सौभाग्यवतींनी पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढले. तासभरात एक पैसा खर्च झाला नाही आणि घड्याळही कोणी पाहिले नाही.

सूर्य कलल्यावर उबवणीच्या कुंपणातली टोपली उचलली गेली. खाली सात पिल्ले! एकेक जेमतेम मुलाच्या तळहाताएवढे. ती वाळूवर सोडली आणि सगळी समुद्राच्या उजेडाकडे निघाली. एक दोनदा उलटे झाले, पुन्हा सरळ झाले, चालू लागले. एरवी अखंड बोलणारी माझी नात तोपर्यंत गप्प उभी होती.

पूर्वी येथे अंडी चोरीस जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ साली संरक्षणाचे काम आरंभले आणि गावकऱ्यांनी ते आपले मानले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येऊन शंभराच्या आसपास अंडी वाळूत पुरते व परत जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि क्षितिजावरच्या उजेडाच्या खुणेने पाणी गाठतात. किनाऱ्यावर दिवे लागले तर ती भलतीकडे वळतात आणि मरतात.

हे ऐकून मी ओशाळलो. कारण येथे निदान चार खांबांवर दिवे हवेत, अशी सूचना करायचे मी दुपारीच मनात योजून ठेवले होते. आपण शहरची माणसे जेथे जाऊ तेथे आपली सोय मागतो. सोयीमागून दुकान येते, दुकानामागून गोंगाट, आणि मग ज्या शांततेसाठी आलो ती शोधायला आपण पुढचा किनारा गाठतो. कासवाला मात्र पुढचा किनारा इतक्या सहज मिळत नाही. आमच्या विश्वामित्रीत भर वस्तीतून मगरी राहतात. त्यांना त्यांची जागा सोडून आपण वागतोच की. मग येथे एवढा अंधार सोसायला काय हरकत आहे?

अभ्यासक सांगतात, समुद्री कासवांच्या माद्या मोठ्या झाल्यावर आपल्या जन्मकिनाऱ्याच्याच आसपास अंडी घालायला परततात. मला आमचीच आठवण झाली. कित्येक पिढ्यांपूर्वी निघालेले आम्ही, अजून त्याच किनाऱ्याकडे वळतो. फरक एवढाच की ती येते, काम उरकते आणि मागे काही मागणे ठेवीत नाही.

म्हणून बडोदेकरांना एवढेच सांगणे आहे. पुढल्या खेपेस अभिषेकानंतर एक दिवस राखून ठेवा आणि खाडी ओलांडा. बरोबर गूळ-शेंगदाणे असू द्यावेत. बॅटरी मात्र पिशवीतच राहू द्यावी.