दडवलेला शेरा

कामगाराचे गुणदोष पारखण्याचा अधिकार वरिष्ठास असावा, याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच की, ज्याची पारख झाली त्याला ती कळावी की नाही?

सरकारी कचेऱ्यांत दीर्घकाळ प्रतिकूल शेरा तेवढा कळविला जाई. बाकी सारे लखोट्यात बंद. सीमा रस्ते सेवेतील एका अभियंत्यास १९९३-९४ साली ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीस मात्र ‘फार चांगला’ हवा होता. स्तुतीनेच घात केला, आणि त्याला त्याची वार्ताही नव्हती! देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कळविलाच पाहिजे असा निवाडा दिला. पुढल्याच वर्षी केंद्राने तसा हुकूम काढून उत्तरास १५ दिवसांची मुदत दिली. २०१३ साली त्रिसदस्य पीठाने निवाड्यावर शिक्कामोर्तब केले.

२०२१ पर्यंत केंद्राचे खाते असलेल्या अंबरनाथच्या आयुध निर्माणीपर्यंत हा न्याय पोचला. तिच्या फाटकाबाहेर काय? अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील कित्येक लहान कारखान्यांत आणि उल्हासनगरच्या जीन्सच्या शिलाईखान्यांत पारख होते ती मुकादमाच्या नजरेत. ना कागद, ना दाद. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढाच काय तो अहवाल!

उघड लिहावयाचे म्हटले की वरिष्ठ भिडेस पडून सर्वांनाच ‘उत्कृष्ट’ ठरवतील, असा एक आक्षेप आहे. तो खोटा नाही. परंतु त्यावर उपाय झाकपाक नव्हे, तर विशेषणाऐवजी घटना लिहिणे हा आहे. ‘निष्काळजी’ या शब्दातून कोणी काही शिकत नाही. कोणत्या दिवशी कोणते काम बिघडले हे लिहिले, तर शिकता येते आणि असत्य असल्यास खोडताही येते. शिवाय दोष माणसाचा की जुनाट यंत्राचा, हेही पाहावयास हवे. बदलापूरहून गाडीच्या दाराशी लोंबकळत येणाऱ्याच्या ‘उशिरा येतो’ या दोषात रेल्वेचाही वाटा असतोच.

कारखानदारांच्या संघटनांनी वर्षातून एकदा लेखी शेरा, त्याची प्रत कामगाराच्या हाती आणि उत्तरास १५ दिवस, एवढा नियम आपणहून करावा. कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांच्या हाती लेखणी आहे त्यांना आमचे सांगणे एकच: जे माणसाच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य नाही, ते त्याच्या पाठीमागे लिहू नये.