तारा लुकलुकतो, दोष कुणाचा?

आठ मार्च जवळ आला की भित्तिपत्रकांची तयारी सुरू होते. मेरी क्यूरी असते, कल्पना चावला असते, आणि २०२० पासून आंद्रेआ गेझही दिसू लागल्या आहेत. खालची ओळ बहुधा ठरलेली असते : ‘जिद्दीच्या जोरावर तिने आकाशाला गवसणी घातली.’

माझा आक्षेप या ओळीवर आहे. या बायकांच्या जिद्दीबद्दल मला शंका नाही. पण हा शब्द आपण इतका सढळ हाताने वापरतो की बाकीची सगळी व्यवस्था त्याच्याआड लपून जाते. पोचली ती जिद्दी. मग जी पोचली नाही, ती कोण? आळशी? कमकुवत?

गंमत अशी की खुद्द गेझ यांचं संशोधन याच्या नेमकं उलट सांगतं. म्हणून ते थोडं समजून घेऊ या. विज्ञान म्हटलं की आपल्यापैकी अनेकजणी पान उलटतात, तसं कृपया करू नका.

‘तारे लुकलुकतात’ असं आपण शाळेत शिकलो. पण ताऱ्याचा प्रकाश आपल्या वातावरणापर्यंत जवळजवळ स्थिर येतो. पुढे कुठे गरम, कुठे थंड अशा हवेच्या थरांतून येताना तो सतत वाकतो. पेटत्या चुलीवरच्या हवेतून पलीकडची भिंत हलताना दिसते, तसंच हे. भिंत जागेवरच असते. दुर्बिणीतूनही मग तारा रेखीव ठिपक्यासारखा दिसत नाही, विस्कटतो. दुर्बीण कितीही मोठी केली तरी हा दोष जात नाही.

यावरचा उपाय होरेस बॅबकॉक या शास्त्रज्ञाने १९५३ साली सुचवला. आधी हवेने प्रकाश किती आणि कसा बिघडवला ते मोजायचं. मग दुर्बिणीतला एक पातळ, लवचिक आरसा नेमका उलट्या बाजूने वाकवायचा. हवा क्षणोक्षणी बदलते, म्हणून हे सेकंदाला शेकडो वेळा करावं लागतं. या तंत्राला अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. मोजण्यासाठी जवळपास एक ठळक तारा लागतो. तो नसेल तर आकाशात लेझर सोडतात. सुमारे ९० किलोमीटर उंचीवरचे सोडियमचे अणू त्याने चमकतात आणि कामापुरता एक कृत्रिम तारा तयार होतो. लेझरच्या या कल्पनेवर १९८०च्या दशकात अमेरिकेत जे काम झालं, त्यात क्लेअर मॅक्स यांचा मोठा वाटा होता. संरक्षणविषयक सल्ला देणाऱ्या ‘जेसन’ या शास्त्रज्ञांच्या गटातल्या त्या पहिल्या बाई. हे काम लष्कराच्या गोपनीय दप्तरात बंद होतं. १९९१ साली ते बरंचसं खुलं झालं, तेव्हा कुठे सगळ्या खगोलशास्त्रज्ञांना त्याचा उपयोग झाला.

गेझ यांनी १९९५ पासून हवाई बेटांवरच्या मौना केआ पर्वतावरील केक दुर्बिणीतून आकाशगंगेच्या केंद्राजवळचे तारे पाहायला सुरुवात केली. हे केंद्र आपल्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षं दूर आहे. त्यांचा पहिला प्रस्ताव नामंजूर झाला होता, असं त्यांनीच सांगितलं आहे. आधी वेगळ्या पद्धतीने आणि पुढे अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सच्या मदतीने त्यांच्या गटाने एकेका ताऱ्याचा माग वर्षानुवर्षं काढला. एस०-२ नावाचा तारा केंद्राभोवती सुमारे १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. त्या फेरीवरून गणित मांडलं, तेव्हा कळलं की मधे न दिसणारं असं काहीतरी आहे आणि त्याचं वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांएवढं आहे. म्हणजे ते प्रचंड कृष्णविवरच असलं पाहिजे. जर्मनीच्या राइनहार्ड गेंझेल यांचा गटही चिलीतल्या दुर्बिणींमधून स्वतंत्रपणे इथेच पोचला. २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग या दोघांना मिळाला, अर्धा रॉजर पेनरोझ यांना. हा पुरस्कार मिळवणाऱ्या गेझ चौथ्या बाई. क्यूरी १९०३, मारिया गोपर्ट-मायर १९६३, डोना स्ट्रिकलंड २०१८ आणि मग गेझ. २०२३ साली आन लुइलिए पाचव्या झाल्या. सव्वाशे वर्षांत पाच.

या तंत्रात ताऱ्याला कुणी म्हणत नाही, ‘तू जरा जास्त जिद्दीने चमक.’ मधल्या हवेचा हिशेब मांडला जातो आणि बदलतो तो आरसा. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हांलाही पहिल्याच वर्षी शिकवतात की माणसाकडे त्याच्या परिस्थितीसकट पाहा. मुलींच्या आणि विज्ञानाच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो.

आता या क्षेत्रातली हवा कशी होती ते पाहा. मार्गारेट बर्बिज यांना १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत बाई म्हणून वेळ मिळत नव्हता. अर्ज नवऱ्याच्या नावाने करायचा आणि आपण त्याची मदतनीस म्हणून जायचं, असा मार्ग त्यांना काढावा लागला. आपल्या रक्तातलं लोखंड ताऱ्यांच्या पोटात तयार झालं, हे उलगडून सांगणाऱ्या १९५७ च्या प्रसिद्ध लेखाच्या चार लेखकांत पहिलं नाव याच बाईंचं आहे. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल हे त्यातले चौथे. पालोमारच्या वेधशाळेत अधिकृतपणे निरीक्षण करणारी पहिली बाई व्हेरा रुबिन, तीही १९६५ साली. तिथे बायकांना न घेण्याचं कारण काय, तर बायकांसाठी संडास नाही! रुबिनबाईंनी कागदाचा झगा कापून दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहिमेत राबलेल्या मैत्रिणींना हे कारण चांगलंच ओळखीचं वाटेल.

आपल्याकडे तर ‘वातावरण’ हा शब्दच वापरला गेला. कमला सोहोनी, म्हणजे तेव्हाच्या कमला भागवत, १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. मग अटींवर घेतलं. त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये, ही त्यातली एक अट सांगितली जाते. वातावरण कुणी बिघडवलं होतं? पुढे त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या अटी वाचून ज्या परत फिरल्या असतील, त्यांचं नाव आपल्याला माहीत नाही.

इथे उपमा मात्र थांबवायला हवी. डोंगरावरच्या हवेला कुणी जबाबदार नाही. संडास न बांधण्याचा निर्णय माणसं घेतात आणि अटीही माणसंच घालतात. म्हणूनच त्या बदलता येतात. याचा पुरावाही आहे. हबल दुर्बीण अवकाशात आहे, पृथ्वीच्या वातावरणाचा तिला त्रास नाही. तरी तिचा वेळ मागणाऱ्या बायकांचे प्रस्ताव पुरुषांच्या तुलनेत कमी मंजूर होत, वर्षानुवर्षं. माणसांची हवा तिथवर पोचलीच होती. २०१८ साली प्रस्तावांवरची नावं झाकून निवड केली गेली. त्या फेरीत बायकांचे ८.७ टक्के आणि पुरुषांचे ८.० टक्के प्रस्ताव मंजूर झाले. एका फेरीने सगळं सिद्ध होत नाही, फरकही लहान आहे. पण त्या वर्षी बायका अचानक जास्त हुशार झाल्या नव्हत्या. बदलली होती ती निवडण्याची पद्धत.

काहीजणी म्हणतील, दुर्बिणी आणि नोबेल हा मूठभर शिकलेल्या बायकांचा प्रश्न, आपल्या चळवळीचा नव्हे. मला तसं वाटत नाही. दहावीनंतर विज्ञान शाखा सोडणाऱ्या मुली मी कामात नेहमी पाहते. कारण बहुतेकदा गणित नसतंच. प्रात्यक्षिक संध्याकाळी संपतं आणि शेवटची एस.टी. त्याआधी गेलेली असते. दलित, आदिवासी मुलींच्या वाट्याला तर हवेचे आणखी जाड थर येतात. आणि खगोलशास्त्र हे रात्रीचं काम. जिला रात्री नाक्यापर्यंत जाऊ देत नाहीत, तिने वेधशाळेत कसं जायचं?

पुण्याच्या ‘आयुका’ने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर ‘रोबो-एओ’ ही आपोआप चालणारी अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सची यंत्रणा उभी केली. ती आधी बसवली गेली ती पालोमारवरच. म्हणजे हे तंत्र आपल्या दाराशी आहे. मग प्रश्नही आपण आपल्या दाराशी विचारायला हवेत.

कारखान्याच्या मालकाला विचारतो, तेच प्रश्न विज्ञानसंस्थांना आणि विज्ञान महाविद्यालयांनाही विचारू या. दरवर्षी किती मुलींनी अर्ज केले, किती घेतल्या, किती मधेच गेल्या आणि का? हे आकडे जाहीर करता का? निवडीत नावं झाकता का? रात्रीच्या कामाला गाडी, स्वच्छ संडास, पाळणाघर आहे का? २०१३ च्या कायद्याप्रमाणे नेमलेली अंतर्गत समिती कागदावर आहे की मुली तिच्याकडे खरोखर जातात? आणि तालुक्याच्या गावी प्रात्यक्षिकाची वेळ आणि एस.टी.ची वेळ यांचा मेळ कोण घालणार?

गेझ यांच्या तंत्राची पहिली पायरी मोजणं ही आहे. बिघाड किती ते कळल्याशिवाय आरसा वाकवता येत नाही. आपल्या गटांनी या वर्षी आपापल्या तालुक्यातल्या एका तरी महाविद्यालयात जाऊन ही मोजणी सुरू करावी. जिद्द मुलींकडे पुरेशी आहे.