चातुर्मासात नियम एकच, पण मोजून

आषाढ शुद्ध एकादशीस देव शयन करतात आणि त्याच दिवशी घरोघरी नियमांचे गाठोडे बांधले जाते. कोणी वांगी वर्ज्य करतो, कोणी कांदा-लसूण, कोणी दुपारची झोप. यांतील एकही नियम निंद्य नाही. तथापि पेण-रोह्याच्या देवळांतून चाळीस चातुर्मास कीर्तने केल्यावर माझे मत असे बनले आहे की, अशा पाच-सहा सुकर नियमांऐवजी वर्षाला एकच, परंतु आपल्या शक्तीची कसोटी पाहणारा नियम घ्यावा आणि तो मोजून पार पाडावा.

देवाच्या दारी मोजमाप कसले, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी आमच्या पेण तालुक्यातील गागोदे गाव आठवावे. तेथे शंभुराव भावे चांद्रायण करीत. शुक्ल प्रतिपदेस एक घास, पौर्णिमेस पंधरा, पुढे उतरता क्रम आणि अमावास्येस निराहार, असे ते व्रत. घासांचा हिशेब चुकला की व्रत मोडले. १८९५ साली गागोद्यास जन्मलेले विनोबा हे या शंभुरावांचे नातू.

विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांनी एकदा देवास तांदळाचे एक लाख दाणे वाहण्याचा संकल्प केला. त्या एकेक दाणा मोजीत बसत. वडील नरहरराव शास्त्रीय वृत्तीचे. थोडे दाणे मोजून त्यांचे वजन करावे, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि कमी पडू नये म्हणून थोडे अधिक घालावे, असा त्यांचा सल्ला. माउलीला उत्तर सुचेना. तेव्हा, हे केवळ गणित नव्हे, दाण्यागणिक देवाचे स्मरण घडते, अशा आशयाचा उलगडा मुलाने केला आणि तिचे समाधान झाले. हल्ली दक्षिणा देऊन लाखोली वाहवून घेण्याची सोय आहे. ती दक्षिणा घेणाऱ्यांत माझेही सगेसोयरे आहेत, तरीही सांगतो की, त्या सोयीत दाणे देवापर्यंत जातात आणि यजमान घरीच राहतो.

मातेचे हे वळण पुत्रात पुरते उतरले. १९१७ साली विनोबा गांधीजींच्या आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन निघाले. वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे आणि शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे अभ्यासली, पायी शेकडो मैल भ्रमण केले आणि वर्ष पुरे झाले त्याच दिवशी ते आश्रमात हजर झाले. गांधीजींनी याला सत्यनिष्ठा म्हटले, तर विनोबांनी ती गणितनिष्ठा ठरविली! पुढे आईने मागितलेली सोपी मराठी गीता, म्हणजे ‘गीताई’, त्यांनी ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात सिद्ध केली. मोजून चार महिने. आपला चातुर्मासही तेवढाच असतो. आई मात्र १९१८ सालीच निवर्तली होती.

रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले यांनी तर एकादशी पोटाकडून वेळेकडे वळविली. महिन्यातले दोन दिवस देवाच्या कामास द्यावेत, ही त्यांची शिकवण. साबुदाणा मोजून खाण्याहून वेळ मोजून देणे अवघड, हे ज्याने करून पाहिले त्यालाच कळेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. पुष्कळ घरांत नियम असतो सासऱ्यांचा आणि पाळावा लागतो सुनेला. त्यांचे एकभुक्त, म्हणून तिने अवेळी चूल पेटवायची. त्यांचे धारणे-पारणे, म्हणून दिवसाआड निराळा स्वयंपाक तिने रांधायचा. संकल्प सोडताना उदक ज्याच्या हातावर पडते, कष्टही त्याच्याच हाताने व्हावेत, असे मला वाटते. म्हणून नियम विचारावयास येणाऱ्या पुरुष मंडळींस मी आधी विचारतो, “भाकरी कोण भाजणार?” पुष्कळजण तेथेच थबकतात. चार महिने स्वतःचे ताट स्वतः घासणे, अबोला धरलेल्या भावाच्या दारी दर एकादशीस जाणे, उतारवयात गीतेचे अठरा अध्याय मुखोद्गत करणे, यांतला कोणताही एक नियम घ्यावा. कॅलेंडरवर रोजची खूण करावी आणि कार्तिक शुद्ध एकादशीस घरच्या मंडळींसमोर त्या खुणा मोजाव्यात.