वैमानिकाचा पगार आणि पंधराशे तास

अर्थशास्त्राच्या तासाला वेतनाचा विषय निघाला की फळ्यावर दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि श्रमाची किंमत तिथे ठरते, असे आम्ही वहीत उतरवून घेतो. मनात मात्र आपली भाबडी समजूत तशीच राहते की, काम जोखमीचे म्हणून पगार मोठा. वैमानिकाच्या हाती शेकडो जीव असतात, म्हणून त्याला भरपूर मिळते, असे मीही धरून चाललो होतो. अमेरिकेतील एका अपघाताची हकिकत वाचली आणि ही समजूत पार ढासळली.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला जाणारे कोलगन एअर कंपनीचे विमान उतरण्याच्या बेतात असताना एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक, असे पन्नास जीव गेले. चौकशीत जे बाहेर आले ते वाचून मन विषण्ण होते. सहवैमानिक होती २४ वर्षांची मुलगी. ती सिएटलजवळ आईवडिलांकडे राहत होती आणि आदल्या रात्री अख्खा देश ओलांडून, विमाने बदलत, कामावर पोचली होती. सर्दीने ती बेजार होती. पण आजारपणाची रजा घ्यावी तर परगावी हॉटेलचा खर्च अंगावर पडणार! तिचा वार्षिक पगार सुनावणीत सुमारे १६,००० डॉलर सांगितला गेला. तो काही हजारांनी अधिक होता, असा खुलासा कंपनीने नंतर केला. पूर्वी काही काळ तिने जोडीला कॉफीच्या दुकानातही काम केले होते. जिच्यावर पन्नास माणसांचा भरवसा, तिची ही कमाई!

मृतांच्या नातेवाइकांनी चिकाटीने वॉशिंग्टनला खेटे घातले आणि २०१० साली कायदा करून घेतला. त्यानुसार २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांच्या उड्डाणाची अट लागू झाली. तोवर २५० तासांच्या परवान्यावर त्या खुर्चीत बसता येई. सैन्यातून आलेल्यांना आणि विमानविद्येचे पदवीधर असणाऱ्यांना या अटीत काही सूट आहे.

आता गंमत पाहा. त्या रात्री कप्तानाच्या नावावर ३,३०० हून अधिक तास होते, सहवैमानिकेच्या नावावर २,२०० हून अधिक. म्हणजे तासांच्या या नव्या अटीत दोघेही आरामात बसत होते! मग नियमाने साधले काय?

माझ्या मते त्याने प्रथम साधली ती टंचाई. दार अरुंद झाले, आत येणारे कमी झाले. तिकडे निवृत्तीचे वय २००७ अखेर साठावरून पासष्टवर नेले होते. त्यामुळे थोपून राहिलेली निवृत्तीची लाट पाच वर्षांनी सुरू झाली. २०२० च्या साथीत कंपन्यांनी अनेकांना मुदतीआधीच घरी पाठवले. हे सगळे एकत्र आले, आणि ज्या लहान कंपन्या नवख्या सहवैमानिकाला तासाला वीस-पंचवीस डॉलर देत, त्यांच्यापैकी काहींनी २०२२ साली तासाला ९० डॉलर देऊ केले. खुर्ची तीच, आकाश तेच आणि उतारूंचे जीवही तितकेच मोलाचे. फळ्यावरची पुरवठ्याची रेषा तेवढी डावीकडे सरकली.

पगार वाढले याचे मला दुःख नाही. पोटभर पगार असणारा माणूस कामाच्या गावी घर घेऊ शकतो, झोपून उठून विमानात बसतो. उतारूंच्या दृष्टीने हे काही लहान काम नव्हे. परंतु हे पंधराशे तास जमवायचे कसे आणि कोणाच्या खर्चाने? तिकडचा विद्यार्थी लाखभर डॉलरचे कर्ज काढून परवाने मिळवतो. पुढचे तास तो एका इंजिनाच्या छोट्या विमानात नवशिक्यांना शिकवून किंवा शेपटीला जाहिरातीचे फलक बांधून समुद्रकिनाऱ्यावर घिरट्या घालून भरतो. स्वच्छ उन्हातल्या त्या घिरट्यांतून हिमवर्षावातले मोठे विमान कसे हाताळायचे ते किती कळावे? युरोपात आणि आपल्याकडेही सुमारे दोनशे तासांवर परवाना मिळतो. पुढची मदार त्या त्या विमानाच्या प्रशिक्षणावर असते. नातेवाइकांनी आजवर ही अट नेटाने राखली आहे, त्यांच्या निष्ठेपुढे मी नतमस्तक आहे. तरीही तास मोजणे सोपे म्हणून आपण तासच मोजतो, अशी मला शंका येते. हजेरीपटाचेही असेच नाही का? पंचाहत्तर टक्के भरले की सुटलो!

त्या रात्री वेग घटला आणि इशारा म्हणून सुकाणूचा दांडा थरथरू लागला. तो पुढे रेटायचा असतो. कप्तानाने मागे ओढला. मग विमानातील यंत्रणेने दांडा आपोआप पुढे ढकलला, तरी तो ओढतच राहिला. ही यंत्रणा प्रत्यक्ष हाताला कशी लागते, हे कंपनीने त्याला सराव-यंत्रावर कधी दाखवलेच नव्हते. विमानाचा आधार सुटल्यावर ते कसे सावरावे, याचा सराव-यंत्रावरील पूर्ण धडा अमेरिकेत सक्तीचा झाला तो २०१९ साली, अपघातानंतर दहा वर्षांनी. त्याचा खर्च कंपन्यांना करावा लागतो. त्या धड्यामुळे कोणाचा पगार एक डॉलरनेही वाढल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.