‘एनफिल्ड’ची भक्ती आणि पोलादामागचे हात

चेन्नईच्या उत्तर टोकाला असलेल्या तिरुवोट्टियूर या औद्योगिक वस्तीतून जी मोटरसायकल देशभर गेली, तिच्या नाममुद्रेवर तोफ आहे आणि तिचे जुने ब्रीदवाक्य ‘बंदुकीसारखी घडवलेली’ असे आहे. ही जाहिरातदाराच्या कल्पनेची करामत नव्हे. इंग्लंडमधील रेडिच येथे सायकली बनवणाऱ्या एका कंपनीला १८९३ च्या सुमारास एनफिल्ड येथील सरकारी शस्त्रकारखान्यासाठी रायफलीचे सुटे भाग बनवण्याचे कंत्राट मिळाले. त्या कंत्राटाच्या अभिमानातून ‘रॉयल एनफिल्ड’ हे नाव जन्मले. ज्या रायफलीला आपल्याकडे शिपायापासून शेतकऱ्यापर्यंत सारे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून ओळखतात ती ली-एनफिल्ड आणि गावोगावच्या रस्त्यांवरून धडधडत जाणारी बुलेट या दोन वस्तू एकाच नावाच्या छत्राखाली वाढल्या आहेत.

या दोन्ही वस्तूंचे भक्त आजही जगभर आहेत. अमेरिकेतील बंदूकशौकीन इच्छापूरच्या कारखान्यात बनलेल्या जुन्या भारतीय रायफली हौसेने विकत घेतात. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात गस्त घालणाऱ्या रेंजर्सनी एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत हीच रायफल खांद्यावर वागवली. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलमधील कारागीर पिढ्यानपिढ्या तिच्या हुबेहूब नकला घडवत आले. बुलेटची तर राजस्थानात पालीजवळ अक्षरशः पूजा होते. प्रश्न असा की, या भक्तीचा खरा विषय कोणता? पोलादाचा तुकडा, साम्राज्याच्या वैभवाची आठवण, की त्या पोलादाला आकार देणारे श्रम?

रायफलीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. १८९५ साली ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली. जेम्स पॅरिस ली या संशोधकाची बोल्टची रचना आणि एनफिल्डच्या कारखान्याने ठरवलेले नळीतील आटे यांच्या संयोगातून तिचे नाव पडले. बोल्ट अडकवणारे खिळे मागच्या बाजूस असल्यामुळे तो थोड्याच अंतरावर आणि झपाट्याने मागेपुढे सरकतो. मॅगझीनमध्ये दहा काडतुसे मावतात. काडतुसाची खोबण किंचित सैल ठेवलेली असल्याने चिखल आणि वाळूतही ती सहसा अडत नाही. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला १५ नेमक्या गोळ्या झाडण्याची अपेक्षा धरली जाई. शौकीन मंडळी या सर्व गोष्टी तोंडपाठ सांगतात. ते एवढेच सांगत नाहीत की हा चिवटपणा कोणाच्या गरजेतून उपजला. ज्या राज्यकर्त्यांना आपल्या देशापासून हजारो मैल दूर, उन्हात, धुळीत, कारखान्यापासून लांब असलेल्या परक्या जनतेवर सत्ता गाजवायची होती, त्यांना न अडणारी बंदूक हवी होती. वासाहतिक सत्तेची गरज त्या रचनेच्या मुळाशी होती.

‘एनफिल्ड’ हे नाव भारतीय जनतेला बुलेटच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे. १८५७ साली बराकपूरच्या छावणीत ज्या चरबीयुक्त काडतुसांवरून असंतोषाचा भडका उडाला, ती काडतुसे १८५३ च्या एनफिल्ड रायफलीची होती. उठाव मोडून काढल्यानंतर राज्यकर्त्यांनी पहिला धडा कोणता घेतला? भारतीय शिपायांच्या हातात त्यांनी बाहेरून एनफिल्डसारखीच दिसणारी, परंतु आतून आटे नसलेली, नेम धरण्यास कुचकामी बंदूक दिली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने जनतेच्या हातून शस्त्रे काढून घेतली. पुढे इच्छापूरमध्ये थ्री-नॉट-थ्रीचे रूपांतर करून .४१० व्यासाची एकबारी बंदूक पोलीस व पहारेकऱ्यांसाठी बनवली गेली, जेणेकरून ती चोरीला गेली तरी सैन्याची काडतुसे तिच्यात चालू नयेत. ज्याच्या हाती बंदूक द्यायची त्याच्यावरच अविश्वास, हे साम्राज्याच्या शस्त्रनीतीचे सूत्र होते. एकच रायफल, परंतु गोऱ्यासाठी एक आणि काळ्यासाठी दुसरी. शौकिनांच्या संग्रहात या दोन्ही बंदुका शेजारी-शेजारी टांगलेल्या असतात आणि दोहोंमधील फरक ‘दुर्मीळ नमुना’ या शब्दांत गुंडाळला जातो.

१३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत ५० शिपायांनी याच थ्री-नॉट-थ्री रायफलींतून सुमारे दहा मिनिटांत १६५० गोळ्या झाडल्या. म्हणजे प्रत्येक शिपायामागे सरासरी ३३. यंत्राने दगा दिला नाही. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मारली गेली. ज्या ‘विश्वासार्हते’चे आज कौतुक होते, तिचा हाही एक हिशेब आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या बंडाला पाठिंबा देण्यासाठी मुंबईचा कामगार रस्त्यावर उतरला, तेव्हा लष्कर आणि पोलिसांच्या गोळ्यांनी २०० हून अधिक माणसे मारली. परळमध्ये पडलेल्या कॉम्रेड कमल दोंदे त्यांतल्याच. मद्रासही याला अपवाद नव्हते. पेरांबूरच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतील १९२१ च्या दीर्घ संपात मालकांनी आणि सरकारने कामगारांमध्ये जातीची फूट पाडली, आणि ऑगस्ट महिन्यात पोलिसांनी गोळीबार करून कामगारांचे प्राण घेतले. त्याच शहरात, दोन वर्षांनी, १ मे १९२३ रोजी सिंगारवेलू यांनी समुद्रकिनाऱ्यावर भारतातील पहिला मे दिन साजरा केला. चेन्नईच्या इतिहासात बंदूक आणि कामगार यांची गाठ अशी पडलेली आहे.

याचा अर्थ असा नव्हे की शस्त्र स्वतःच कोणाची बाजू घेते. मुंबईच्या कॅसल बॅरॅक्समध्ये नाविकांनी शस्त्रागार ताब्यात घेतले आणि गोऱ्या सैन्याला गोळीने उत्तर दिले, तेव्हा साम्राज्याचीच शस्त्रे साम्राज्यावर उलटली. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील तुफान सेनेने आणि तेलंगणातील शेतकऱ्यांच्या दलमांनी शत्रूकडून हिसकावलेल्या बंदुका वापरल्या. बंदूक वाईट की चांगली, असा प्रश्नच भाबडा आहे. ती कोणाच्या हाती आहे, कोणाच्या हुकुमाने चालते आणि कोणाच्या दिशेने वळते, हा प्रश्न वर्गीय आहे. पूजेमुळे नेमका हाच प्रश्न नजरेआड होतो. मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात दाखवून दिले की भांडवली समाजात माणसामाणसांतील संबंध वस्तूवस्तूंतील संबंधांचे रूप घेतात, आणि मग वस्तूच्या अंगी जणू दैवी सामर्थ्य असल्याचा भास होतो. एनफिल्डची भक्ती हे त्याचे ढळढळीत उदाहरण होय.

या भक्तीचा दुसरा उपयोग सत्ताधाऱ्यांना होतो. जी वस्तू कधीच मरत नाही, ती बदलण्याची गरज काय? १९६२ च्या युद्धात हिमालयाच्या कड्यांवर भारतीय जवानांच्या हाती बोल्ट ओढून चालवायची थ्री-नॉट-थ्रीच होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफली घेतलेल्या हल्लेखोरांसमोर पोलिसांकडे तीच रायफल होती. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती तर केवळ लाठी होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी ती रायफल निवृत्त केली ती २०२० च्या प्रजासत्ताक दिनी, म्हणजे तिच्या जन्मानंतर सव्वाशे वर्षांनी. शिपायाच्या शौर्याचे पोवाडे गायचे आणि त्याला आजोबांच्या काळातील शस्त्र द्यायचे, हा राज्यकर्त्यांचा जुना हिशेब आहे. जिला ‘अमर रायफल’ म्हणून गौरवले जाते, ती गणवेशातल्या गरीब शेतकऱ्याच्या मुलाच्या दृष्टीने बेपर्वाईची निशाणी ठरते.

आता चेन्नईकडे वळावे. स्वतंत्र भारताच्या सैन्याला सीमेवरील गस्तीसाठी दणकट मोटरसायकल हवी होती. त्या सरकारी मागणीच्या आधारावर १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली. आरंभी सुट्या भागांची जोडणी, नंतर यंत्रसामग्री आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी संपूर्ण गाडी, असा क्रम घडला. रायफल काय किंवा बुलेट काय, दोन्ही जनतेच्या पैशातून दिलेल्या सरकारी कंत्राटांवर पोसल्या गेल्या. खाजगी उद्योजकतेच्या आख्यायिकेत हे वाक्य गाळले जाते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी. रॉयल एनफिल्डचे ब्रिटनमधील उत्पादन १९७० च्या सुमारास थांबले. एनफिल्ड येथील मूळ शस्त्रकारखाना १९८८ साली बंद झाला. ज्या दोन कारखान्यांच्या नावाचा हा सारा डौल, ते दोन्ही इंग्लंडमधून नाहीसे झाले. मग नाव जिवंत कोणी ठेवले? बंगालमधील इच्छापूरच्या कामगाराने १९६२ नंतर त्या जुन्या रायफलीला अधिक चांगल्या पोलादात आणि नव्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी पुन्हा घडवले. तमिळनाडूतील तिरुवोट्टियूरच्या कामगाराने बुलेट बांधली, आणि टाकीवरची ती सोनेरी रेघ तेथील कारागिरांनी वर्षानुवर्षे मोकळ्या हाताने, साच्याशिवाय ओढली. १९७७ पासून हीच गाडी उलट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. ‘ब्रिटिश परंपरा’ म्हणून जिचा गौरव होतो ती वस्तुतः भारतीय कामगाराच्या कौशल्याची परंपरा आहे. टिकाऊपणा लोखंडात नसून हातांत आहे.

आणि त्या हातांची आज काय स्थिती आहे? चेन्नईच्या पश्चिमेस ओरगडम-श्रीपेरुंबुदूर पट्ट्यात नवे कारखाने उभे राहिले. रॉयल एनफिल्डचा ओरगडम येथील कारखाना २०१३ साली सुरू झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच पट्ट्यातील तीन कारखान्यांचे, म्हणजे यामाहा, म्यॉन्ग शिन आणि रॉयल एनफिल्डचे कामगार एकाच वेळी संपावर होते. मुख्य प्रश्न संघटना करण्याच्या हक्काचा होता. यामाहामध्ये युनियन स्थापन होताच दोन कामगारांना काढून टाकण्यात आले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये जवळच्याच सॅमसंगच्या कामगारांना केवळ युनियनची मान्यता मिळवण्यासाठी ३७ दिवस संप करावा लागला. गाडी बंदुकीसारखी भक्कम हवी, परंतु ती बनवणाऱ्याची नोकरी मात्र कच्च्या धाग्यावर टांगलेली हवी, हे आजच्या भांडवलदाराचे धोरण आहे. कायम कामगारांची संख्या आवळायची, प्रशिक्षणार्थी आणि कंत्राटी कामगारांकडून तेच काम कमी मोबदल्यात करून घ्यायचे आणि ग्राहकाला मात्र ‘वारसा’ विकायचा, असा हा व्यवहार आहे.

सरकारी क्षेत्रातही वाट निराळी नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने दोन शतकांची परंपरा असलेल्या ४१ आयुधनिर्माणींचे सात कंपन्यांत विभाजन केले. इच्छापूर आणि तिरुचिरापल्लीच्या रायफल कारखान्यांना एका कंपनीत टाकले गेले, चेन्नईजवळील आवडीचा रणगाडा कारखाना दुसऱ्या कंपनीत गेला. कामगारांच्या संघटनांनी एकजुटीने विरोध केला, तेव्हा संप बेकायदा ठरवण्यासाठी आधी अध्यादेश आणि मग कायदा आणला गेला. महाराष्ट्रात अशा दहा निर्माणी आहेत. खडकी, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा येथील हजारो कुटुंबांचे भवितव्य त्यांच्याशी जोडलेले आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार ठार झाले. देशाच्या शस्त्रसज्जतेच्या गप्पा मारणाऱ्यांच्या तोंडी या कामगारांची नावे नसतात. शस्त्राच्या कीर्तीत शिपायाला निदान पुतळ्यापुरती जागा मिळते. घडवणाऱ्याला तीही नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. तरुणांना बुलेट आवडते, जुनी बंदूक पाहून त्यांचे डोळे चमकतात, त्यात एवढे राजकारण शोधण्याचे कारण काय? आक्षेप सर्वस्वी चुकीचा नाही. एके काळी बुलेट ही फौजदाराची, गावच्या पाटलाची, साखर कारखान्याच्या संचालकाची खूण होती. तिची धडधड ऐकताच गरिबाने रस्ता सोडायचा, असा संकेत होता. आज शेतमजुराचा आणि गिरणीतून हाकललेल्या कामगाराचा मुलगाही हप्त्यावर ती घेतो. त्याला सत्तेचा तो आवाज एकदा तरी स्वतःच्या हाताखाली हवा असतो. या भावनेची टिंगल करणे हे कम्युनिस्टांचे काम नाही. नीट घडवलेल्या यंत्राविषयीचे प्रेम ही मूलतः कामगारवर्गाचीच भावना आहे. ज्याने कधी कानस चालवली आहे त्याला उत्तम बसलेल्या बोल्टचे सौंदर्य सांगावे लागत नाही. दोष प्रेमाचा नाही. ते प्रेम घडवणाऱ्यापासून तोडून मालकाच्या नाममुद्रेला चिकटवले जाते, हा दोष आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी या तरुणाशी बोलताना त्याची गाडी हिणवू नये. त्याला तिरुवोट्टियूरची, ओरगडमची आणि इच्छापूरची गोष्ट सांगावी. पेरांबूरचा १९२१ चा संप आणि परळचा १९४६ चा गोळीबार सांगावा. ज्या हातांनी ते पोलाद घडवले, त्या हातांना संघटना करण्याचा, पुरेशा वेतनाचा आणि जिवंत घरी परतण्याचा हक्क मिळवून देण्याच्या लढ्यात त्याचीही जागा आहे, हे त्याला पटवावे. साम्राज्य गेले, त्याचे कारखाने बंद पडले, त्याची बंदूक संग्रहालयात गेली. या सर्वांपेक्षा अधिक टिकली ती कामगाराची कारागिरी. भक्ती करायचीच असेल तर तिची करावी, आणि तिच्या हक्कासाठी उभे राहावे.