आधी वाजवून तरी बघा!

पियानो कर्कश वाजायला लागला की हमखास मिळणारा सल्ला: हॅमर्सना वाफ द्या, मऊ पडतील. या सल्ल्याची मला चीड आहे, कारण तो मी ऐकलाय. आमच्या जुन्या पियानोच्या हॅमर्सवर एकाने ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली. आता मधलं सप्तक उशीत तोंड खुपसून गायल्यासारखं वाजतं.

हॅमर म्हणजे लाकडी गाभ्यावर ताणून, दाबून चिकटवलेलं लोकरीचं फेल्ट. त्या ताणामुळेच तो तारेवर आपटून चटकन उसळतो. वाफेने फेल्ट फुगतं, ताण सुटतो. सुटलेला ताण परत भरता येत नाही. जाणते कारागीर वाफ वापरतातही, पण अगदी जपून आणि बाकीचं सगळं करून झाल्यावर.

बाकीचं म्हणजे काय? वर्षानुवर्षं आपटून हॅमरच्या माथ्यावर तारांचे चर पडतात आणि तिथलं फेल्ट दगड होतं. आधी ते बारीक पॉलिश पेपरने घासून काढायचं. मग एका सुराच्या दोन-तीन तारांना हॅमर एकदमच लागतो ना, ते बघायचं. पुष्कळदा दुखणं तिथेच निघतं. त्यानंतर सुई. तीही आधी खांद्यांत, खोल. थेट माथ्यात नाही. दोनदा टोचायचं, वाजवायचं, ऐकायचं. असे ८८ हॅमर. कंटाळवाणं आहे, मान्य. म्हणून इस्त्री?

परवा त्याच माणसाला फोन केला. आवाज फारच मऊ झालाय, म्हटलं. तो म्हणाला, "मग कडक करायला थोडं लॅकर मारू का?"