गप्प ग्रंथपाल, गप्प वाचक

चेणे, वर्सावे, काजूपाडा, घोडबंदर आणि भोवतालच्या पाड्यांतील रहिवाशांनो,

घरपट्टीचं बिल काढा आणि नीट वाचा. शिक्षण कर दिसेल, वृक्ष कर दिसेल. ग्रंथालयाच्या नावाने एक पैसासुद्धा दिसणार नाही. बिल छापणाऱ्याची ही चूक नाही. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमात ग्रंथालय उपकराची तरतूदच नाही. मद्रासच्या 1948 च्या कायद्यात ती होती. कर्नाटकात आणि केरळातही उपकर आहे. आपल्याकडे मात्र अनुदान, म्हणजे देणाऱ्याची मर्जी. देशातला पहिला ग्रंथालय कायदा 1945 साली कोल्हापूर संस्थानाने केला, हे आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो!

शहरात आल्याचं आणखी एक बक्षीस ऐका. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या विषयांत 20 व्या क्रमांकावर ग्रंथालयं आहेत. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत त्यांचा उल्लेख नाही. सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींचं संवर्धन, एवढंच मोघम. महापालिका कायद्यातही गटार बंधनकारक, ग्रंथालय ऐच्छिक. चेणे आज ग्रामपंचायत असतं तर निदान बोट ठेवायला ओळ होती.

आता मर्जीचा हिशेब. राज्यात बारा हजारांच्या आसपास मान्यताप्राप्त वाचनालयं. 2012 नंतर अनुदान वाढलं ते थेट 2022 मध्ये, 60 टक्क्यांनी. त्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला 48 हजार. त्यातले निम्मे पगारासाठी. बारा महिन्यांनी भागा: महिना दोन हजार. एवढ्या पैशांत कुलूप उघडणारा माणूस मिळतो, ग्रंथपाल मिळत नाही.

ग्रंथालय कर्मचाऱ्यांनी मोर्चे काढले, धरणी धरली, निवेदनं दिली. आमचं म्हणणं वेगळं आहे. त्या मोर्च्यांत वाचक कुठे होता? पगार त्यांचा, म्हणून भांडण त्यांचं, असं आपण धरून चाललो. आणि वाचकाला बरोबर घेणं हे आपलं काम आहे, असं किती ग्रंथपालांना आणि किती कार्यकारी मंडळांना वाटलं? मंडळांना वर्धापनदिन, सत्कार आणि फलकावरची नावं पुरतात.

एस. आर. रंगनाथन यांना आपण ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपुरतं ठेवलं. 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, हार घातला की संपलं. सूत्रांचं पुस्तक 1931 चं. त्याच वर्षी मन्नारगुडीत पुस्तकांनी भरलेली बैलगाडी गावोगाव निघाली, तिच्या शुभारंभाला ते हजर होते. ग्रंथालय कायद्याचे मसुदे त्यांनी स्वतः लिहिले, वर्षानुवर्षं दारं ठोठावली, तेव्हा 1948 चा तो मद्रासचा कायदा झाला. इकडे ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांनी ऐन विशीत, 1893 साली, मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं. तेव्हा कुठलं अनुदान होतं? ते ठाणं आपल्याच जिल्ह्याचं. पण घोडबंदर रोडच्या कोंडीतून तिथे पुस्तक बदलायला चेण्याचं पोर कसं जाणार, याचं उत्तर आजच्यांनी द्यायचं आहे.

म्हणून चेण्याच्या वाचनालयाची मागणी करताना नुसती खोली आणि कपाट मागू नका. स्पर्धा परीक्षेच्या खुर्च्या मांडून त्याला अभ्यासिका म्हणतील आणि मोकळे होतील. अभ्यासिका हवीच, पण गोष्टीचं पुस्तक मागणाऱ्या तिसरीतल्या मुलीला तिथे कोण विचारणार? पाड्यावरच्या मुलांकडून अनामत घ्यायची नाही. कामावरून परतणाऱ्यांसाठी रात्री नऊपर्यंत दार उघडं ठेवायचं. मराठीबरोबर हिंदी, गुजराती पुस्तकंही हवीत, कारण इथे राहणारे सगळेच इथले. आणि कुणाच्या भावना दुखावल्या म्हणून पुस्तक गुपचूप फळीवरून काढायचं नाही. 5 जानेवारी 2004 ला पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, दुर्मीळ ग्रंथ-पोथ्यांची नासधूस झाली. त्यानंतर घाबरणं सोपं झालं. ज्याला घाबरायचंच आहे त्याने ग्रंथपाल होऊ नये.

हे सगळं महापालिकेला, नगरसेवकाला आणि गरज पडली तर स्वतःच्या अध्यक्षालाही तोंडावर सांगू शकेल असा माणूस आपल्याला हवा. त्याला पोटापुरता पगार द्यावा लागेल. त्याच्या पाठीशी उभंही राहावं लागेल. एकट्याला पुढे ढकलून आपण मागे सरायचं, हे चालणार नाही.

महापालिकेचं पुढचं अंदाजपत्रक ठरण्याआधी प्रभाग कार्यालयात लेखी मागणी द्या: चेण्यासाठी वाचनालय, त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, आणि पूर्ण वेळ, प्रशिक्षित ग्रंथपाल. अर्जावर घरटी एक सही घ्या, पाड्यांवरच्या सह्या आधी घ्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आपले,
चेणे परिसरातील काही वाचक